सगळं ठप्प झालं तर पुन्हा उभं करायला कोणतं शिक्षण कामी येईल?

पंचगंगाकाठ

भाचीची बारावी झाली. पीसीएम आणि बायोलॉजी दोन्ही घेतलं होतं, सीईटीचे दोन्ही ग्रुप दिले आहेत, त्यामुळे वाटा बऱ्याच मोकळ्या आहेत. घरात चर्चा चालते ती कॉम्प्युटर की मेडिकल एवढीच. पोरगी मात्र वेगळंच विचारते. "मामा, उद्या लाईट, पाणी, बाजार, बँका, सगळंच कोलमडलं तर जे पुन्हा उभं करावं लागेल ते मला शिकायचंय. त्यासाठी कुठल्या शाखेला जाऊ?"

प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरला महापूर आला तेव्हा ती शाळेत होती. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शहरात गाडी येईना. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. पूर ओसरल्यावरही पंप-मोटारी पुन्हा चालू होईपर्यंत लोक टँकरमागे घागरी घेऊन पळत होते. तेव्हा बाहेरून मदत आली म्हणून निभावलं. तिला त्याच्या पुढचं विचारायचंय: बाहेरून कुणीच येणार नसेल तर?

इथे पाणीपुरवठा, दवाखाने, शेती, कारखाने, महसूल अशा सगळ्या खात्यांतली माणसं आहेत. सिनेमातला प्रलय बाजूला ठेवू. जगात जिथे खरोखर घडी मोडली तिथे कोण कामाला आलं, आणि ते आज आपल्याकडे कुठे शिकता येतं, एवढं सांगा. पॅकेज किती मिळेल हा विषय या धाग्यावर नको. ती स्वतः सगळे प्रतिसाद वाचणार आहे.

गाळणी

पाणी. माझी उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून मी तेच सांगणार हे धरून चाला, पण कारणही सांगतो.

१८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि बघता बघता ८६०० च्या आसपास माणसं गेली. शेजारी लागूनच आल्टोना हे शहर. तेही एल्बे नदीचंच पाणी प्यायचं, आणि तेसुद्धा हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण मिसळलेलं. तिथे साथीचा जोर त्या मानाने काहीच नव्हता. आल्टोना पाणी वाळूतून गाळून देत होतं, हॅम्बुर्ग नदीचं पाणी न गाळताच नळाला सोडत होतं. फरक एवढाच.

ही जी संथ वाळू गाळणी आहे तिला वीज लागत नाही, रसायन लागत नाही, परदेशी सुटा भाग लागत नाही. एक टाकी, तळाला गोटे आणि खडी, वर मीटरभर बारीक धुतलेली वाळू, त्यावर मीटरभर पाणी. पाणी तासाला १० ते २० सेंटिमीटर एवढ्याच वेगाने खाली उतरू द्यायचं. पहिले काही दिवस ते पाणी पिण्यालायक नसतं. हळूहळू वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांची एक चिकट साय धरते आणि खरं काम ती साय करते, रोगजंतू तिच्यात अडकतात, खाल्ले जातात. साय जाड होऊन पाणी उतरेनासं झालं की वरचा एक-दोन सेंटिमीटर थर फावड्याने खरवडून काढायचा आणि पुन्हा चालू. टाकी कोरडी पडू द्यायची नाही, नाहीतर साय मरते. हजार वस्तीच्या गावाला माणशी २० लिटर धरलं तर दिवसाला २० हजार लिटर लागतं. तेवढ्याला दहाएक चौरस मीटरची गाळणी पुरते. दोन बांधायच्या, म्हणजे एक खरवडताना दुसरी चालते.

दुसरी गोष्ट टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ही पावडर असते आणि नीट कशी टाकायची हे फार थोड्यांना येतं. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण ३८ हजार लिटर झालं. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ९५ ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत खालीवर हलवायची. तासभर थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलाय का ते बघायचं. पिवळा रंग आला तर पाणी सोडायचं. पावडर ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतो, दमट खोलीत उघडी पडली की महिन्या-दोन महिन्यांत तिच्यातला दम जातो. पोतं भरलेलं दिसतं आणि गावात गॅस्ट्रोची लागण होते, हे मी पाहिलेलं आहे.

सारायेव्होला १९९२ ते १९९६ वेढा पडला होता. वीज तोडली की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद. लोक बीअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर कॅन घेऊन रांगा लावायचे आणि त्या रांगांवर तोफगोळे पडायचे. फ्रेड क्यूनी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने शुद्धीकरणाचे सुटे संच विमानाने आणून रस्त्याच्या एका बोगद्यात बसवले, म्हणजे गोळ्यांपासून आडोसा, आणि नदीचं पाणी उचलून शहराला दिलं. पाण्याचा इंजिनिअर ओढाताणीच्या काळात किती जीव वाचवतो याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण तेच.

तेव्हा सिव्हिल घ्या, पुढे एन्व्हायर्न्मेंटल किंवा पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग. बायोलॉजी आहे हे फार चांगलं झालं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडतं.

रात्रपाळी

गाळणी काकांना अनुमोदन. मी जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे पुढची पायरी सांगते.

१९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे बनगावला आले आणि छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. सलाइन संपत आलं. जमिनीवर, उलटी-जुलाबात पडलेली माणसं, आणि शिरेत सुई घालायला प्रशिक्षित हातही नाहीत. त्यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर पाण्यात, या प्रमाणात पाकिटं करून घेतली, ड्रममध्ये पाणी कालवलं आणि नातेवाइकांच्या हातात मग दिले. पाजत राहा, एवढंच सांगितलं. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता तो ३.६ वर आला.

हे तोंडाने द्यायचं पाणी का चालतं? आतड्याच्या पेशी मीठ आणि साखर जोडीने आत ओढतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ते शोषलं जात नाही, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. म्हणून घरी करताना लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे, शीग नको. वॉर्डात मी रोज एखाद्या आईला हे तिच्याच हाताने करायला लावते. सांगून लक्षात राहत नाही, केलं की राहतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की एमबीबीएस उत्तमच, पण तिचा प्रश्न "लोकांना सगळ्यात आधी उपयोग" असा असेल तर सार्वजनिक आरोग्य, नर्सिंग, प्रसूतिशास्त्र याकडे तिने कमीपणाने बघू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात बाळाचं वजन, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. १९९९ साली त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. तिथे मोठं हॉस्पिटल उभं राहिलं म्हणून ते घडलं नाही, ज्ञान गावातल्या बाईच्या हातात गेलं म्हणून घडलं. जामखेडला आरोळे दाम्पत्याने १९७० पासून हेच केलं.

चौकटीबाहेर

धाग्याचा विषय चांगला आहे पण थोडा विरोधी सूर लावतो. सगळं एकदम आणि कायमचं बंद पडतं असं सहसा होत नाही. तुटतात त्या लांबच्या साखळ्या: औषधं, सुटे भाग, इंधन, पैसा, निरोप. मग अशा वेळी इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शिकलेला माणूस निरुपयोगी कसा? २००१ च्या भुज भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हॅम रेडिओवाल्यांनी, म्हणजे हौसेने बिनतारी संच चालवणाऱ्यांनी, निरोप पोचवले. ज्याला सोल्डरिंग येतं, बॅटरी आणि अँटेना जुळवता येतात, तो गावाचा कान आणि तोंड असतो. भाचीला कोडिंग आवडत असेल तर भीतीपोटी तिने ते सोडू नये. दूरसंचार खात्याची हॅम परवान्याची परीक्षा मात्र जरूर द्यावी, तिला वयाची अडचण नाही.

सबस्टेशन

@चौकटीबाहेर, सहमत, पण बॅटरी चार्ज कुठे करणार? वीज आली पाहिजे ना.

३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळलं, ६० कोटी लोक अंधारात. तेव्हा बाहेर बऱ्याच जणांना प्रथमच कळलं, की कोळशाचं मोठं वीज केंद्र बंद पडलं तर त्याला स्वतःहून सुरू होता येत नाही. कोळसा दळायला, पंखे फिरवायला, बॉयलरला पाणी ढकलायला त्याला आधी बाहेरून वीज लागते. जलविद्युत केंद्र मात्र बॅटरी आणि एखाद्या छोट्या डिझेल जनित्रावर उठतं: दरवाजा उघडला, पाणी आलं, टर्बाइन फिरलं. मग तिथून एकेक लाइन चार्ज करत, थोडा थोडा भार जोडत बाकीची केंद्रं उठवायची. भार भसकन टाकला की फ्रिक्वेन्सी पडते आणि पुन्हा सगळं बंद. आपल्याकडे खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. सह्याद्रीच्या उतारावर पडणाऱ्या पाण्याएवढं खात्रीचं इंधन दुसरं नाही.

इलेक्ट्रिकल घेणार असेल तर तिने ट्रान्सफॉर्मर उघडून बघावा. गावात डीपी जळाली की आठवडा जातो, कारण रिवाइंडिंग करणारी माणसं मोजकी. तांब्याच्या तारेवर कागद गुंडाळणं, वेढे मोजणं, कॉइल वाळवणं, तेल गाळून त्याची चाचणी घेणं, सगळं हाताचं काम आहे आणि डिग्री कॉलेजात ते शिकवत नाहीत.

काळी_माती

पाणी झालं, दवा झाला, वीज झाली. खाणार काय? 😊

सोव्हिएत संघ १९९१ ला फुटला आणि क्युबाला येणारं तेल, खत, धान्य आटलं. ट्रॅक्टर डिझेलविना उभे राहिले, हजारो बैल नव्याने औताला वळवावे लागले, हवानात रिकाम्या जागांवर वाफे करून भाजीपाला घ्यायला सुरुवात झाली. १९९२-९३ मध्ये तिथे सुमारे ५० हजार लोकांना दृष्टी अंधूक होण्याचा, पाय बधिर पडण्याचा आजार झाला. अपुरं खाणं आणि ब जीवनसत्त्वांची कमतरता हे त्यामागचं मोठं कारण निघालं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या तेव्हा साथ आटोक्यात आली. दवाखाने होते, डॉक्टर होते, ताटातच काही नव्हतं.

मी कृषी पदवीधर आणि बियाण्याच्या कामात आहे, तेव्हा बियाण्यावरच बोलतो. आपल्याकडचा बहुतेक शेतकरी दरवर्षी पिशवी विकत घेतो. पिशवी आली नाही तर? गहू, भात, हरभरा, सोयाबीन स्वपरागी, त्यांचं घरचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरतं. बाजरी, मका, काकडी-भोपळ्याची जात शेजारच्या परागाने बिघडते, तिथे अंतर राखावं लागतं. संकरित वाणाचं बी ठेवलं तर पुढच्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत. हे तीन फरक ज्याला कळतात तो गावाचं बी राखू शकतो.

सोयाबीनची घरची उगवण चाचणी प्रत्येकाने करून बघावी. गोणपाट भिजवायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याने मोजायचे. सत्तर उगवले तर शिफारशीएवढं बी पेरायचं, त्याहून कमी निघाले तर त्या मानाने बी वाढवायचं. सोयाबीनचं साल नाजूक. पोतं उंचावरून आपटलं, थप्पी उंच रचली, की दाणा बाहेरून धड दिसतो आणि आत गर्भ मेलेला असतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. शाळेत न गेलेल्या बाईंनी देशी वाणांची बँक उभी केली. आणि १९४१ ते १९४४ च्या लेनिनग्राडच्या वेढ्यात वाविलोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या बियाणे संग्रहातले काही शास्त्रज्ञ उपासमारीने गेले, पण जवळच्या पोत्यांमधलं बी त्यांनी खाल्लं नाही. हे मी दरवर्षी नव्या मुलांना सांगतो आणि दर वेळी आवाज कापतो.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठेही बीएससी कृषी घ्या. वनस्पती प्रजनन आणि मृदाशास्त्र मन लावून करा.

टर्नर_सातपूर

सगळे प्रतिसाद वाचले. गाळणी काकांचा व्हॉल्व्ह, सबस्टेशन साहेबांचं टर्बाइन, काळी मातीवाल्यांचा नांगर, सगळ्यांचे सुटे भाग संपले की माझ्याकडेच येणार. म्हणून लिहितो.

लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या यंत्रावर, दुसरा लेथ करता येतो. स्वतःसारखं यंत्र करायला मदत करणारी यंत्रं फार थोडी. पण लेथ सरळ चालायला सपाट पृष्ठ लागतं. सपाट म्हणजे सपाट हे ठरवणार कशावर? पट्टी लावून? ती पट्टी सरळ आहे हे कशावरून?

याचं उत्तर फार सुंदर आहे. ओतीव लोखंडाच्या तीन प्लेटा घ्यायच्या. पहिलीला निळा रंग लावून दुसरीवर घासायची. जिथे रंग लागेल तो उंचवटा, तो स्क्रेपरने खरवडायचा. दोनच प्लेटा असतील तर एक फुगीर आणि दुसरी तशीच खोलगट होऊन एकमेकींत चपखल बसतात आणि आपण फसतो. म्हणून तिसरी. एक-दोन, दोन-तीन, तीन-एक अशा आळीपाळीने जुळवत गेलं तर तिन्ही एकमेकींशी जुळण्याचा मार्ग एकच उरतो, तिन्ही सपाट होणं. कसलंही मोजमापाचं यंत्र न वापरता अचूकपणा निर्माण झाला! व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४० च्या सुमारास ही पद्धत मांडली. आमच्या उस्तादांनी मला ते अप्रेंटिसशिपमध्ये करायला लावलं. हाताला घट्टे पडले, पण मायक्रॉन म्हणजे काय ते बोटांना कळलं.

ताई, तू मेकॅनिकल घे, नाहीतर कुठलीही डिग्री घे, पण सुट्टीत एखाद्या वर्कशॉपमध्ये फिटरच्या हाताखाली उभी राहा. कानस सरळ चालवायला शीक. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) बोट दाबणारे खूप आहेत, टूलला धार लावता येणारे कमी होत चाललेत.

माळवद

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती, पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ ते ६.४ रिश्टरचा. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात एवढी माणसं जाण्याचं कारण आमची घरं. अडीच-तीन फूट रुंद दगडी भिंती, मातीत रचलेल्या. बाहेरची फळी वेगळी, आतली फळी वेगळी, मधे भर. दोन्ही फळ्यांना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची, दीड-दोन फूट माती. हादरा बसला, फळ्या सुटल्या, माती अंगावर.

सगळ्यांनी इतकं लिहिलं, पण घर कोण बांधणार ते आलं नाही म्हणून हे लिहितोय. बावन्न गावं नव्या जागी बसवली गेली, ते सर्वांना माहीत आहे. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते जी घरं उभी राहिली होती त्यांच्या मजबुतीचं काम. भिंतीत दगड हळूच काढून आरपार भोक करायचं, त्यात सळईचा आकडा ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही फळ्या एकमेकींना धरतात. दरवाजा-खिडकीच्या वरच्या पातळीला घराभोवती पट्टा फिरवायचा. माळवदाची माती उतरवून हलकी करायची. यात कसलंही अवघड यंत्र नाही. गावच्या गवंड्यांना शिकवलं, बायकांचे संवाद सहायक गट घरोघर जाऊन काम बरोबर होतंय का बघत. २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आमच्या भागातल्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

तेव्हा सिव्हिलला माझं मत. मात्र आरसीसीपुरतं शिकून थांबू नये. दगड, माती, चुना, बांबू यांनी कसं बांधतात ते गवंड्याकडून शिकावं. सिमेंटची गोणी मिळेनाशी झाली तर आजचा बहुतेक इंजिनिअर हात टेकेल.

आकारबंद

भूमिअभिलेखात काम करतो. वरचे सगळे प्रतिसाद हाताने करायच्या कामांचे आहेत आणि योग्य आहेत. पण घडी मोडली की भांडण सुरू होतं ते "हे कुणाचं?" यावरून.

खरोखर सगळं पुसून टाकलेला देश बघायचा तर कंबोडिया. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज हे कट्टर कम्युनिस्ट बंडखोर राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरले आणि शहर रिकामं केलं. चलन रद्द, राष्ट्रीय बँकेची इमारत उडवून दिली, शाळा बंद, जमिनीची खासगी मालकी संपली, दप्तर नष्ट. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू. ७ जानेवारी १९७९ ला ती राजवट पडली तेव्हा देशात जेमतेम पन्नासेक डॉक्टर उरले होते आणि कायदा जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रिएल हे चलन १९८० मध्ये पुन्हा आलं, तोवर तांदूळ हाच पैसा होता. खासगी मालकी १९८९ ला परत आली, पण जुना नकाशा, जुना उतारा कुणाकडेच नाही. जमिनीचे तंटे तिथे पुढे कित्येक वर्षं चालले.

तरी शाळा १९७९ मध्येच उघडल्या. ज्याला जास्त येतं त्याने कमी येणाऱ्याला शिकवावं, ज्याला कमी येतं त्याने काहीच न येणाऱ्याला, असा त्या वेळी नारा होता. चार इयत्ता शिकलेली मुलं मास्तर झाली.

मला यातून भाचीबाईंना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, साखळी, प्लेन टेबल आणि ऑप्टिकल स्क्वेअर या जुन्या साधनांनी जमिनीची मोजणी करायला शिका. जीपीएस-रोव्हर आता सगळीकडे आहे, पण उपग्रहाचा सिग्नल नसताना गटाची हद्द पुन्हा रोवता आली पाहिजे. आयटीआयला सर्वेअरचा ट्रेड आहे. दुसरं, जे शिकाल ते दुसऱ्याला शिकवायची सवय आत्तापासून लावा. पन्नास डॉक्टर देशाला पुरत नाहीत, पण त्यांनी पुढचे डॉक्टर घडवले.

रात्रपाळी

आकारबंद दादा, शेवटचं वाक्य पटलं. त्यावरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये अडकलेल्या एव्हा सॅक्सल या बाईंना मधुमेह होता आणि जपान्यांच्या ताब्यातल्या शहरात इन्सुलिन मिळेना. त्या स्वतः शास्त्रज्ञ नव्हत्या, नवरा व्हिक्टर कापड उद्योगातला इंजिनिअर. दोघांनी वैद्यकाच्या पुस्तकातलं वर्णन वाचून, एका चिनी रसायनतज्ज्ञाने दिलेल्या प्रयोगशाळेत, पाणम्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन काढलं. सशांवर तपासलं, मग एव्हाने स्वतःला टोचलं. सुमारे २०० मधुमेही त्यावर तगले. म्हणजे शाखा कुठलीही असो, छापील पुस्तक घेऊन चिकाटीने प्रयोग करता आला पाहिजे. घरात कागदावर छापलेली चार पुस्तकं ठेवा, मोबाइलमधली नव्हे.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाचीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, आजीसुद्धा ऐकत बसली. आजीचं मत काळी मातीवाल्यांना.

तिचा कल सिव्हिलकडे झुकलाय आणि पुढे पाण्याचंच करायचं म्हणते. तिने दिलेलं कारण मला पटलं: पाण्याच्या कामात बायोलॉजी, केमिस्ट्री, बांधकाम, पंप सगळं थोडं थोडं येतं, आणि ते काम शांततेच्या काळातही रोज करावं लागतं, त्यामुळे हात सुटत नाही. वैद्यकीय शिक्षण एकट्या माणसाला फार खोलवर नेतं, तिला गावासाठीचं हवंय. टर्नर दादांच्या तीन प्लेटांनी मात्र तिला वेड लावलंय, उद्यमनगरात ओळखीचं वर्कशॉप आहे, तिथे विचारतोय.

गाळणी काका, तुम्हाला एक विचारायचंय. प्रवेशाआधी तिला काम प्रत्यक्ष बघायला मिळावं असं वाटतं. जलशुद्धीकरण केंद्रात जाऊन नेमकं काय बघावं?

काळी_माती

आजींना नमस्कार सांगा. सिव्हिलला गेली तरी गोणपाटाची चाचणी करायला सांगा त्यांनाच, त्यांना येत असणार.

गाळणी

@पंचगंगाकाठ, फार छान. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला शैक्षणिक भेटीचा साधा अर्ज द्या, बहुतेक ठिकाणी परवानगी देतात. जुलैत जा, नदी गढूळ असते तेव्हा. उन्हाळ्यात गेलात तर केंद्र आपोआप चालतं असं वाटेल.

आधी केमिस्टला जार टेस्ट दाखवायला सांगा. ओळीने सहा चंचुपात्रं, सगळ्यांत नदीचं तेच पाणी, प्रत्येकात तुरटीचा डोस थोडा थोडा वाढवत नेलेला. मिनिटभर जोरात ढवळतात, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू. गढूळ पाण्यात कापसासारखे पुंजके तयार होताना दिसतील. अर्धा तास निवू दिलं की ज्यात कमीत कमी तुरटीत पाणी स्वच्छ झालं तो त्या वेळचा डोस. पावसाळ्यात दिवसातून अनेकदा तो बदलतो, का बदलतो ते तिथल्या माणसाला विचारायचं.

मग फिल्टर बेडवर उभं राहून बॅकवॉश बघा, वाळू उसळते आणि गढूळ पाणी उलटं वाहून जातं. तिथली गाळणी जलद प्रकारची असते, मी वर लिहिली ती संथ वेगळी, दोघींतला फरक तिने स्वतः मांडून बघावा. शेवटी क्लोरिनच्या टनरची (मोठ्या सिलिंडरची) खोली बाहेरून, आणि गळती झाली तर वापरायचा संच कुठे ठेवलाय ते विचारा. ऑपरेटरशी बोलताना घाई करू नका. रात्री वीज गेल्यावर तो काय काय करतो हे त्याच्याकडून ऐका, आणि परत आल्यावर तिचे प्रश्न इथेच टाका.